तळ्याकाठचा वीर

"सर, तुम्हाला पोहता येतं का?"

सभागृहात हशा पिकला. मागच्या रांगेत तिच्या मैत्रिणी एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून खिदळत होत्या. पैज त्यांचीच. तळ्यात बुडणाऱ्या पोराला वाचवणाऱ्या माणसाला, सगळ्या शाळेदेखत, हा प्रश्न विचारायचा. तुझी टाप नाही, असं म्हणाल्या होत्या.

व्यासपीठावरचा वीर हसला. कोटावरचं नवंकोरं पदक चमकलं.

"माशाला असं विचारतात का, बेटा?"

टाळ्यांनी छत उडायचं तेवढं बाकी राहिलं. तिच्याकडे मात्र त्यानं पाहिलं नाही. त्याची नजर भिंतीवरच्या घड्याळावर होती.

ती खाली बसली. वीरांची तिला शिसारी यायची, आणि ती काही आजची नव्हती. सातव्या वर्षी ग्रीक दंतकथांनी तिला झपाटलं होतं. पुठ्ठ्याची ढाल, केरसुणीची तलवार, पलंगावरची उशी म्हणजे राक्षस. पुढे जरा अक्कल आली आणि तिनं त्या गोष्टी नीट वाचल्या. भूलभुलैयातून बाहेर यायला दोरा दिला राजकन्येनं, आणि वीरानं तिलाच बेटावर झोपेत टाकून पोबारा केला. नाव कुणाचं झालं? दुसरा तर राक्षसिणीचं मुंडकं उडवायला गेला तो उसन्या वहाणा आणि उसनी तलवार घेऊन. स्वतःचं काय, तर नुसता तोरा.

हा त्यांच्याहून चलाख. एका फोटोवर महिनाभर मिरवत होता: हातात ओलं पोर, चेहरा करारी. शाळेच्या फाटकावर त्याचं हे एवढं पोस्टर. शिपाईकाका सलाम ठोकायचे, गणिताच्या बाई उगाच पदर सारखा करायच्या. पहिला जल्लोष तिचा हुकला होता, कारण तो आठवडा ती घरी तापानं फणफणली होती. काही बिघडलं नाही.

मग मुख्याध्यापिकाबाईंनी माइक घेतला. सोमवारपासून पहिलीच्या मुलांना तळ्यावर पोहायला हेच शिकवणार, म्हणाल्या. चाळीस मुलं.

वीरानं मान झुकवली. नाही म्हणायला तोंड उघडेल, असं तिला अर्धा क्षण वाटलं. त्यानं हात जोडले. पुन्हा टाळ्या. तिचे हात मांडीवरच राहिले.

पैज जिंकल्याचं आइस्क्रीम मैत्रिणींनी चारलं, पण ती मनात मोजत होती. चाळीस म्हणजे अख्खी बस भरून. पहिलीतली तर अजून बुटाची नाडीसुद्धा दुसऱ्याकडून बांधून घेतात.

घरी हॉलमध्ये त्याच फोटोची चौकट. आई ती रोज फडक्यानं लख्ख पुसायची. आपल्या घरातसुद्धा ही थेरं. आई चहा गाळत होती, बाबा वर्तमानपत्रामागे होते.

मला काही सांगायचंय, असं ती म्हणाली. आईनं तिच्याकडे पाहिलं आणि हलकेच मान हलवली, नको म्हणून. वर्तमानपत्र खाली आलं नाही.

ती वर्तमानपत्रासमोर जाऊन उभी राहिली.

"उद्या मी मुख्याध्यापिकाबाईंना सांगणार आहे. त्या पोराला तळ्यातून मी बाहेर काढलं. फोटोवाला पोचला तेव्हा तुम्ही पोराला नुसतं हातात धरलं होतं, बाबा."