४१७० बी

"शाब्बास, मिसेस हॅस्किल!" बंबावरून उडी मारता मारताच ब्रिन ओरडली. "गेटावरचा टॉवेल बघितला आम्ही! पांढराफेक, नंबराच्या खांबाला घट्ट बांधलेला. सगळ्यांनी असं केलं ना, तर आमचं निम्मं काम हलकं होईल. तुमच्याकडं थांबलोच नाही, सरळ पुढं गेलो."

लोरेटा हॅस्किल पुलाजवळ गाडीला टेकून उभी होती. मागच्या सीटवर कुत्रा, फोटोंची खोकी आणि का कोण जाणे, इस्त्री. भर दुपार होती, पण डोंगरावरच्या वणव्यानं आभाळ असं नारिंगी झालेलं की सगळ्यांनी गाड्यांचे दिवे लावलेले. डोंगरावरून एकामागून एक गाड्या उतरत होत्या आणि ती प्रत्येकीकडं मान लांब करून बघत होती. तिला हवी होती निळी पिकअप. सासऱ्याची. ती काही येत नव्हती.

"थांबलाच नाहीत?" तिनं विचारलं.

"टॉवेल होता की! शेवटचा माणूस निघाला की बांधायचा. बरोब्बर केलंत तुम्ही."

शेवटचा माणूस! लोरेटानं पुन्हा डोंगराकडं बघितलं. कारण शेवटची ती नव्हतीच ना! ती निघाली तेव्हा तिचा सासरा, ऑर्विल, पाइप घेऊन आपल्या छपरावर पाणी मारत होता. "तू हो पुढं, मी आलोच," म्हणाला. आणि हा म्हातारा टॉवेल-बिवेल काही बांधणार नाही, उलट हसेल, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून गेटातून बाहेर पडता पडता तिनंच बांधून टाकला. उरकलं एक काम.

"ब्रिन, ऑर्विल वरच आहे गं."

"वर कुठं?"

"आमच्या मागं, झाडीत. त्याचं लाकडी घर. फोन लागत नाहीये."

ब्रिनचा चेहरा खाडकन उतरला. "घरं दोन आणि गेटाला टॉवेल बांधून मोकळ्या झालात? अहो, काय केलंत हे!" मग स्वतःलाच आवरत म्हणाली, "बरं, पाटी? वसंतात आम्ही वाटली ती, हिरवी, चमकणारी? ‘४१७० बी’ची? लावलीत ना ती त्यांच्या घराला?"

"लावलीय! त्यानंच लावलीय."

त्या पाटीवरून काय रामायण झालं होतं! "माझं घर मला पाटी बघून शोधायला लागणार का?" असं म्हणत म्हाताऱ्यानं ती कितीतरी दिवस व्हरांड्यात पालथी टाकली होती. लोरेटा रोज मागं लागायची. मग एकदा नाश्त्याला बसल्या बसल्या स्वारी म्हणाली, "ठोकली गं बाई तुझी पाटी. कामाची आहे पण! अशी चमकते, तेव्हापासून कोंबड्या पळवणारा एक रॅकून फिरकला नाही." लोरेटा खळखळून हसली, खुशीत त्याला आणखी एक पॅनकेक वाढला. झाडीतून चालत जाऊन पाटी बघायला मात्र गेली नाही. ठोकली म्हणतोय ना, मग झालं!

ब्रिन वॉकी-टॉकीवरून डोंगरावरच्या दुसऱ्या बंबाशी बोलत होती. "डेल, ४१७० ला माघारी जा. एक म्हातारा राहिलाय."

"४१७० रिकामं आहे." डेलचा आवाज खरखरत आला. "टॉवेल मी स्वतः बघितलाय."

"टॉवेल विसर! मागं दुसरं घर आहे. धुरात काही दिसायचं नाही, बॅटरी मारत जा आणि हिरवी पाटी शोध. बी. पाटी दिसली की तेच घर."

मग नुसती खरखर. कुत्रा भुंकायला लागला, लोरेटानं त्याला गप्प केलं, तो पुन्हा भुंकला. पुलावरून घोडे भरलेली गाडी गेली. निळी पिकअप नाहीच.

"दिसली!" डेल ओरडला. "पाटी दिसली, बी! काय चमकतेय!"

लोरेटानं ब्रिनला मिठीच मारली. "बघ! लावली होती त्यानं! मी म्हटलं नव्हतं तुला?"

"दारावरच ठोकलीय," डेल खोकत खोकत सांगत होता. "जुना ट्रेलर आहे, चाकांवरचं घर..."

"ट्रेलर?" लोरेटानं मिठी सोडली. मग एकदम तिनं ब्रिनच्या हातातून वॉकी-टॉकी ओढलाच. "ट्रेलर नाही रे! ते खुराडं आहे! त्याचं घर वर आहे, ओढ्याच्या पलीकडं! डेल! वर जा, वर!"

"नाही ऐकू जाणार ते त्याला," ब्रिन म्हणाली. "तो बोलत असेपर्यंत आपलं काही पोचत नाही."

तरी लोरेटा बटण दाबतच राहिली. आणि डेल बोलतच राहिला.

"...हाका मारल्या, माणूस नाही कुणी. आत नुसत्या कोंबड्या. सोडल्या बिचाऱ्या बाहेर. वारा फिरलाय, आम्ही उतरतोय खाली. आणि ऐक ब्रिन, इथं पुन्हा कुणाची फुकट फेरी नको, म्हणून जाता जाता दाराला टॉवेल बांधतोय..."