दहा ते शून्य

लाइट गेली आणि चटणीच्या डंकाचं लोखंडी मुसळ मिरचीत रुतून बसलं.

“थांबा, मी मोकळं करतो,” म्हणत रणधीरने उखळात हात घातला. सकाळीच त्याने गजरामावशींच्या डंकाला नवं पॅनल बसवलं होतं. लाइट आली की पॅनल दहा आकडे मोजतं आणि मोटर आपोआप सुरू करतं. ‘आता लाइट गेली की मोटरचे फ्यूज काढत बसू नका,’ असं त्याने बजावलंही होतं. मावशी नुसत्या ‘हं’ म्हणाल्या होत्या.

आता हात बाहेर येईना. मनगटातलं स्टीलचं कडं मुसळाखाली अडकलं होतं. तेवढ्यात पॅनलवर हिरवा दिवा लागला. दहा. नऊ.

“मावशी, बंद करा! ते लाल बटण दाबा!”

भिंतीपाशी चटणी चाळत बसलेल्या मावशी उठल्याच नाहीत. सहा. पाच. रणधीरने जिवाच्या आकांताने हात ओढला. कातडी सोलवटली, पण कडं सुटेना. आपलं पॅनल कधी चुकत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? दोन. एक. त्याने डोळे गच्च मिटले.

पॅनलमध्ये खट्ट वाजलं. मुसळ मात्र तसूभरही हललं नाही.

मावशींनी ओटीतून चिनी मातीचे तीन फ्यूज काढून दाखवले. “लाइट गेली तवाच काढलं हुतं.”

“मग आधी बोलायचं की, मावशी!” तो रडकुंडीला आला.

“बोललेलं ध्यानात ऱ्हात न्हाई, लेका. मोजलेलं ऱ्हातं.”