साठ अंगठे

माणसांवर औषधाचा प्रयोग करायचा प्रस्ताव आला, की चहा यायच्या आत तो मंजूर करायचा, ही भाईंदरच्या त्या इस्पितळातल्या समितीची रीत. पंच्याहत्तर सालच्या त्या मंगळवारी मात्र चहा निवला. समितीवर डॉक्टर नसलेलं कुणीतरी हवं, असं वरून पत्र आलं होतं. म्हणून व्हरांड्यात पायाला पट्टी बांधून घेत असलेल्या, मिठागरात राबणाऱ्या शेवंतीला आत आणून खुर्ची दिली होती.

“मिठागरातल्या साठ जणांच्या पायांच्या जखमांसाठी नवं इंजेक्शन,” डॉ. दिघे म्हणाले. “तीस जणांना औषध, तिसांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय टोचलं, ते कुणालाच कळणार नाही.”

“मिठाचा पानी?” शेवंती म्हणाली. “त्यात तं आमी जलमभर उभे हाव.”

अध्यक्ष हसले. “बाई, सगळ्यांची संमती घेतलीय. हे बघा.”

साठ नावं, साठ अंगठे. शेवंतीनं कागद खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ धरला.

“यो आमच्यातल्या कोनाचा अंगठा न्हाय.”

“वाचता येतं तुम्हांला?”

“न्हाय. पन रेघा दिसतान.” तिनं टेबलावरचं शाईचं पॅड ओढलं आणि आपला अंगठा कागदाच्या कडेला दाबला. गुळगुळीत निळा ठिपका उठला. “आमच्या रेघा मिठानी कवाच खाल्ल्या. यो रेघावाला कोन?”

आता सगळेच वाकले. साठही अंगठ्यांवर तीच एक तिरकी चीर होती. दाराशी उभ्या असलेल्या नाथा कंपाउंडरनं उजवा हात खिशात घातला.

“एवढ्या चिखलात कोण जाणार, साहेब,” तो म्हणाला. “म्हटलं, नाहीतरी होच म्हणणार आहेत.”

“माझा बी हाय का यात?” शेवंतीनं विचारलं.

डॉ. दिघ्यांनी यादीवरून बोट फिरवलं. “सतरावा,” ते हळूच म्हणाले.

शेवंतीनं पट्टीचा पाय पुढे पसरला आणि ऐसपैस टेकली.

“मंग आता इचारा.”

डॉ. दिघे खुर्ची घेऊन तिच्यासमोर येऊन बसले. समितीतले बाकीचेही पुढे सरकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, उत्तर काय येणार ते त्यांना ठाऊक नव्हतं.