विहिरीचा श्वास

तुमचा विश्वास बसणार नाही, पण माझं घर चढ्या भावात विकलं गेलं ते बांबूच्या एका नळीमुळे. दलाल म्हणाला, "आजोबा, स्वयंपाकघर नवं करून किंमत कवडीनेही वाढणार नाही. अंगणातली विहीर बुजवा आणि वर गाडी उभी करायला काँक्रीट ओता." आता आमच्याकडे विहीर बुजवताना तिला श्वासासाठी नळी ठेवतात, नाहीतर ती घरातून श्वास घेऊ लागते. मी ठेवली. विहीर असा फुत्कार सोडायची की वळचणीला टांगलेले मुळे तासाभरात वाळायचे, नळीवर बसलेलं मांजर शेजाऱ्याच्या कौलांवर जाऊन पडायचं! ही कीर्ती पसरली आणि घराचा भाव चढला. माझं हे ऐकून सोबा-नूडल्सच्या दुकानातले सगळे खो खो हसले. फक्त माझं घर विकत घेणारी शिओरी हसली नाही. मांडीवरच्या बाळाला घट्ट धरून ती म्हणाली, "थापा मारू नका, आजोबा. नळी नाहीच तिथं. श्वास येतो तो बाळाच्या अंथरुणाखालून."