हॉलोवे घराण्याची वंशावळ

लंडनच्या मिसेस हॉलोवेंनी रामकुंडावर माझ्यापुढे त्यांची वंशावळ पसरली. सात पिढ्यांसोबत पाळलेल्या कुत्र्यांचीही नावं होती. कॅप्टन खापरपणजोबांशेजारी मात्र नुसतंच ‘देशी बाई’.

“शी! कुत्र्यांना नाव आणि पोरांच्या आईला नाही?”

त्यांनी मान खाली घातली. “म्हणूनच आले, गुरुजी. तिचा बाप वडगावचा खंडोजी, एवढंच कळलंय.”

आम्ही पिढीजात तीर्थोपाध्ये, यजमानांची कुळं लिहून ठेवणारे. मी ऐटीत वडगावची वही उघडली. खंडोजी सापडला. मुलगे, सुना, नातवंडं, सगळे होते. खाली माझ्या पणजोबांनी लिहिलं होतं, ‘कन्या एक. साहेबाकडे राहिली. नाव लिहू नये.’

“सापडलं?” त्यांनी विचारलं.

पणजोबांचं हेच वळणदार अक्षर गिरवून मी लिहायला शिकलो होतो. आज त्याचीच शिसारी आली.