तिसरा दिवा

लॅपटॉपवर वायरलेसच्या दांड्या सगळ्या दिसत होत्या आणि इंटरनेट मात्र ठार बंद होतं. स्वानंदीनं नारायणपेठीचा पदर कमरेला खोचला, खुर्चीवर चढली आणि फळीवरच्या राउटरला जाब विचारावा तशी त्याच्यासमोर उभी राहिली. गेल्या दसऱ्याला आईनं लावलेली हळदीकुंकवाची बोटं त्याच्या कपाळावर अजून होती. पहिले दोन दिवे नीट जळत होते. तिसरा, नेटचा, नुसता मिचमिचत होता.

कार्यक्रम होता तो तिला बघण्याचा. मुलगा, शार्दूल, अमेरिकेत. तो पडद्यावरून बघणार होता. त्याची आई कमलाताई आणि मामा, नरूभाऊ, मालगुंडहून जातीनं आले होते आणि पोह्यांची दुसरी बशी संपवून नेट यायची वाट बघत होते.

"दांड्या आहेत, फोनही चालू आहे," नरूभाऊ म्हणाले. "म्हणजे बिघाड तिकडे, बाहेर कुठंतरी. आता शनिवारी संध्याकाळी कोण येतोय बघायला? भास्करराव, मी काय म्हणतो, आमच्या शार्दूलनं फोटो बघून होकार दिलान् कधीच. मुलगी आम्ही बघतोच आहोत. सुपारी फोडून मोकळे होऊ या."

भास्कररावांनी, म्हणजे स्वानंदीच्या अप्पांनी, पंच्यानं कपाळ पुसलं. मुलाला बघितल्याशिवाय, त्याच्याशी दोन शब्द बोलल्याशिवाय काही ठरवायचं नाही, असा शब्द त्यांनी लेकीला दिला होता. पण घरी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणणं अप्पांना जन्मात जमलं नव्हतं. भीड भिकेची बहीण, आणि ती अप्पांकडे कायमची राहायला आलेली. राउटर चालू झाला नाही तर आपलं लग्न आज इथंच, पोह्यांच्या बशांसमोर ठरणार, हे स्वानंदीला स्वच्छ दिसत होतं.

"अप्पा, जरा थांबा," ती खुर्चीवरूनच म्हणाली.

तिनं राउटर बंद केला, दम खाल्ला, पुन्हा चालू केला. पहिला दिवा लागला. दुसरा लागला. तिसरा पुन्हा मिचमिचायला लागला.

"मुलगी हौशी आहे हो," कमलाताई म्हणाल्या. ते कौतुक नव्हतं.

स्वानंदीनं तिकडे लक्ष दिलं नाही. आंब्याच्या पेट्यांना नेटवरून गिऱ्हाईक मिळवायचं म्हणून हे यंत्र तिनंच हट्टानं घरात आणलं होतं. कालच तिनं त्यावरून पुण्याच्या दोन ऑर्डरी घेतल्या होत्या. काल चालत होतं, आज नाही. मग मधे झालं काय? ती खाली उतरली.

"आई, सकाळी गडगडलं, तेव्हा वायरी काढलीस?"

"काढल्या तर!" आई स्वैपाकघराच्या दारातून म्हणाली. "गेल्या साली शेजारचा टीव्ही जळला तो विसरलीस काय गो? आणि परत लावल्यासुद्धा. पाहुणे यायचे म्हणून पुसूनबिसून लावल्या. फोन लागतोय की!"

ढग वाजले की इकडे आधी वायरी निघतात, मग वाळत घातलेलं घरात येतं. त्यात आईचं काही चुकलं नव्हतं.

स्वानंदी जरीच्या लुगड्यासकट फोनच्या टेबलाखाली शिरली. भिंतीला टेकून ती पांढरी डबी होती, जिच्यातून एक वायर फोनला जाते आणि एक राउटरला. डबीला तीन भोकं, तिन्ही सारखीच. बाहेरून आलेली वायर आईनं फोनच्या भोकात बसवली होती आणि फोनची बाहेरच्या वायरीच्या भोकात. फोनला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, तो बोलत होता. राउटर मात्र उपाशी राहिला होता.

"भास्करराव, कुंकू मागवा," वर नरूभाऊंचा आवाज आला. पिशवी सळसळली. नारळ बाहेर निघाला असणार. पाठोपाठ अप्पांची खुर्ची करकरली, म्हणजे अप्पा उठत होते.

स्वानंदीनं दोन्ही वायरी उपटल्या आणि अदलाबदल करून बसवल्या. टक्. टक्. टेबलाखालून बाहेर येताना तिचं डोकं आपटलं, अंबाडा सुटला. तिनं फळीकडे बघितलं.

तिसरा दिवा मिचमिचला. अडखळला. मग हिरवागार, ठाम जळायला लागला.

"आला!" ती ओरडली. बघायला आलेल्यांसमोर मुलीनं ओरडायचं नसतं, पण तिला इतका आनंद झाला होता की तो आत मावेचना.

पडद्यावर चेहरा उमटला. ओल्या केसांचा, जरा बावरलेला. कमलाताई "अरे, नीट बस" म्हणेपर्यंत स्वानंदीनं लॅपटॉप आपल्याकडे वळवला. तिच्या कपाळावर धूळ होती आणि केस मोकळे होते.

"नमस्कार. मी स्वानंदी. तुम्ही फोटो बघून होकार दिलात?"

"मी?" शार्दूल गोंधळला. "नाही हो. मी म्हटलं, आधी बोलू. पण मामा म्हणाले, तुमचाच होकार आलाय."

नरूभाऊंच्या हातात नारळ तसाच होता. तो कुठं ठेवावा हे त्यांना सुचेना.

अप्पा पुन्हा खुर्चीत बसले, या वेळी चांगले पाठ टेकून. त्यांनी पंचा खांद्यावर टाकला.

"बसा हो नरूभाऊ," ते म्हणाले. "आमच्या मुलीला मुलगा बघू दे. मग आम्ही कळवतो."