नावेचं नाक

पूर्णेला पूर होता आणि पलीकडच्या काठावर कौसाबाईच्या लेकीला बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या होत्या. बहिणीला आणायला म्हणून विपुलनं कार्बोरेटर बदलून नावेचं दहा हॉर्सपॉवरचं इंजिन पंधराचं केलं, तरी त्याच्या आईचा, म्हणजे कौसाबाईचा, जीव थाऱ्यावर नव्हता.

"जोर वाढवला, पन त्या जोरानं नावेचं नाक वर उचललं तं? उलटशीन ना, शहाण्या."

"पुढं रेतीचं पोतं ठेवतो, आई."

"पोतं घसरलं तं त्याले कोन सांगन, नीट बस म्हनून?"

कौसाबाईनं लुगडं खोचलं आणि नावेच्या टोकाशी जाऊन बसकण मारली. दोन्ही कडा घट्ट धरून, डोळे मिटून म्हणाली, "वढ इंजिनाची दोरी. आन् ध्यानात ठेव, मले पोहता येत नाही."